धुडाचे मागचे पाय

रविवार, ३ ऑगस्ट

ही डायरी यांची. लिफ्टची कंपनी दरवर्षी एक द्यायची आणि हे दरवर्षी ती कोरीच कपाटात टाकायचे. म्हणायचे, "लिहिण्यासारखं काय घडतं? लिफ्ट वर जाते, लिफ्ट खाली येते." या वर्षीची डायरी यांच्या माघारी आली, यांच्याच नावाने. आजवर तशीच पडून होती. आज काढली, कारण आज मनात जे आलं ते वन्संना सांगण्यासारखं नाही.

विज्ञानकथांच्या क्लबातले दोघे आले होते. एक मास्तर, म्हणजे क्लबाचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेत पण अजून प्रत्येक वाक्यानंतर "कळलं?" विचारतात. दुसरी ती गाडीवाली. लोकांना मोटार चालवायला शिकवते, म्हणून मी तिला मनात गाडीवाली म्हणते. क्लबात तिला 'मागचे पाय' म्हणतात, आणि खरंच मागचे पाय तीच.

क्लबाचं दरवर्षी संमेलन भरतं. लोक हाताने केलेले पोशाख घालून येतात. कोणी यंत्रमानव, कोणी तीन डोळ्यांचं, कोणी नुसताच हिरवा रंग फासून. यांनी धूड केलं होतं. दोन सूर्य असलेल्या ग्रहावरचं ओझ्याचं जनावर, चार पाय, लांब मान, पाठीला कुबड. ते चालायला आत दोन माणसं लागतात. पुढच्या पायांत हे, मागच्या पायांत ती. सांगाडा दोघांनी क्लबाच्या शेडमध्ये बांधला. कातडं मी शिवलं. सोफे-गाद्यांच्या दुकानात माझा जन्म गेला, तिथले मखमलीचे आणि पडद्यांचे उरलेले तुकडे आणून खवल्यावर खवला बसवला. आणि संमेलनात मी बाहेरून दोरी धरून धुडाबरोबर चालायची, नाहीतर ते सरळ चहाच्या टेबलात घुसायचं.

क्लबाची एक पद्धत आहे. कोणी गेलं की त्याच्या पोशाखाची संमेलनात एक शेवटची फेरी काढतात. पोशाख काठीला अडकवून चौघे मिरवतात. पण धूड रिकामं उभंच राहत नाही. आतली माणसं काढली की ओल्या गोधडीसारखं खाली बसतं.

"म्हणून पुढे मी जाईन," मास्तर म्हणाले, "मागे या आहेतच. तुमची परवानगी हवी. कळलं?"

गाडीवाली इतका वेळ धुडाच्या मानेवर हात ठेवून उभी होती. आमच्या पुढच्या खोलीत, माझ्यासमोर, आपल्या घरचं मांजर असल्यासारखी. मग म्हणाली, "वहिनी, फेरी झाली की धूड मला द्याल का?"

मी म्हटलं, "बघू."

वहिनी! मला वहिनी म्हणायचा हक्क या जगात एकट्या वन्संचा आहे, आणि त्यांनीही तो जरा कमी वापरला तर चालेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट

वन्सं खालच्या मजल्यावर राहतात. यांची धाकटी बहीण. दिवसातून दोनदा वर येतात, एकदा चहाला आणि एकदा मला काय जमत नाही ते सांगायला.

"देऊन टाक की, वहिनी. अर्धी खोली अडवून बसलंय. दादा गेला, त्याचं सोंग कशाला सांभाळतेस?"

"द्यायचंच तर दुसऱ्या कोणाला देईन."

"का? ती बाई चांगली आहे. दादा गेला तेव्हा सगळ्यांत जास्त रडली."

तेच तर. माझं रडणं लोक धरूनच चालले होते, तिचं रडणं लोकांच्या लक्षात राहिलं.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. शेडमधला सराव संपला की ती यांना गाडीतून घरी सोडायची. मी खिडकीत असायची. गाडी खाली थांबायची, इंजिन बंद व्हायचं, आणि दोघं आत बसून राहायचे. शेवटच्या दोन वर्षांत तर फारच वेळ. मग हे वर यायचे, एक मजला चढायचा तोही लिफ्टने, आणि म्हणायचे, "दमलो बुवा." मी विचारलं नाही. विचारणारी बायको संशयी आणि न विचारणारी बावळट, त्यात मी दुसरी होणं पत्करलं.

गाडीत नि धुडाच्या पोटात मिळून तिने यांच्याजवळ किती काळ काढला असेल! मी बाहेरून दोरी धरून चालत होते, गाढवाच्या मालकिणीसारखी.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज धूड उघडलं. मास्तर फोनवर म्हणाले होते की कुठे उसवलंय का बघा. पोटाची चेन उघडून कातडं उचललं आणि दिवा घेऊन आत शिरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कातडं मी कायम बाहेरून चढवलेलं. आत त्या दोघांचं राज्य.

पुढच्या बाजूला यांच्या खांद्यावर येणारी फोमची गादी आहे. ती नव्यासारखी. मागची, तिच्या खांद्याची, पार दबून पापड झालेली, घामाने काळी. पुढे यांच्यासाठी सायकलचं एक सीट बसवलंय, टेकायला. मला म्हणाले होते तोल राखायला आहे. एका खिशात गोळ्यांचं रिकामं चकचकीत पाकीट मिळालं, नाव फाटलेलं. आत धूळ किती, खोकल्याच्याच असणार.

आणि मग ते दिसलं. तिच्या खांद्याच्या पट्ट्यापासून दोन रुंद पट्टे पुढे गेलेत आणि यांच्या कमरेच्या पट्ट्याला शिवलेत. कमरेपाशी दोन कड्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या.

म्हणजे ही बाई मागून यांची कंबर धरून चालायची. भर संमेलनात, शेकडो लोकांमध्ये, माझ्या हाताच्या अंतरावर, मी शिवलेल्या मखमलीखाली.

टाके पाहिले. एक इकडे, एक तिकडे. माणसाने घातलेत की उंदराने कळेना. हे तिचेच. घरात बायकोचा हात शिवणावर बसलेला, आणि हे पट्टे मात्र माझ्याकडे शिवायला आणले नाहीत. टाक्यांवर टाके घालून, आतून, गुपचूप.

मी ब्लेड घेतलं आणि दोन्ही पट्टे उसवले. कमरपट्टाही काढला. मग वाटलं, घरात नको. दुकानात एका गिऱ्हाइकाचा सोफा भरायला होता. सीटमध्ये फोमच्या खाली दोन्ही पट्टे आणि कमरपट्टा टाकला आणि वरून कापड ठोकून दिलं. संध्याकाळी टेम्पोत सोफा गेला. कोणाच्या तरी बैठकीत आता पाहुणे त्यावर बसतील.

रविवार, १० ऑगस्ट

बरं वाटतंय. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

मी मास्तरांना फेरीला हो म्हटलं. का म्हटलं ते मला ठाऊक आहे. मागून कोणाची कंबर धरायला मिळत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

आज ती सांगाडा न्यायला आली. कातडं माझ्याकडेच ठेवलं, बरेच खवले सुटलेत. सराव उघड्या सांगाड्यावरच करतात, गरम होत नाही. मी चहा दिला. न देऊन कसं चालेल? पण साखर विचारली नाही.

ती इकडेतिकडे बघत होती. भिंतीवर यांचा फोटो आहे, लिफ्ट कंपनीच्या कोटातला, हातात पाना. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हसताना असे दिसायचे होय?"

मी म्हटलं, "तुम्ही काय पाहिलं नव्हतं का?"

"पाहिलं असेल. पण तोंड फार कमी, वहिनी. शेडमध्ये गेलं की आत शिरायचं. गाडीत दोघंही समोर बघणार. मला त्यांची पाठ पाठ आहे. मानेवर उजवीकडे तीळ, कॉलर नेहमी आत दुमडलेली."

कॉलर! ती कॉलर रोज सकाळी मी सरळ करायची. शेडमध्ये जाईपर्यंत परत दुमडायची, हे मला आज कळलं. एवढ्याशा गोष्टीने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला सांगायचं काय नडलं होतं?

सांगाडा तिने शिकवायच्या गाडीवर बांधला. गाडीवर लाल अक्षरांत 'शिकाऊ चालक' लिहिलेलं, आणि वर चार पायांचा हाडांचा सापळा. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. मीही खिडकीतून बघत होते. त्या सापळ्यात पट्टे नाहीत हे तिला अजून दिसलं नव्हतं.

रविवार, २४ ऑगस्ट

आज अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे. तसंही माझं अक्षर कधी सुंदर नव्हतं. मी लग्नानंतर वाचायला शिकले, तेही यांची विज्ञानकथांची मासिकं घेऊन, स्वयंपाकघरात, बोट फिरवत. पहिला मोठा शब्द एकटीने वाचला तो 'गुरुत्वाकर्षण'. हे तेव्हा टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात आले होते. तो शब्द वाचता आला तेव्हा कळला असं मला वाटलं होतं. तो आज कळला.

शेडमध्ये सराव होता. मीही गेले, खुर्ची घेऊन समोर बसले, नाटकाचं तिकीट काढल्यासारखी. मास्तर पुढे शिरले, गाडीवाली मागे. तिने हात पुढे केले आणि तिथेच थांबली.

"पट्टे कुठे गेले?"

मास्तर आतून म्हणाले, "कसले पट्टे? चला, डावा!"

"मास्तर, थांबा. पट्टे नाहीत, तुम्हाला झेपणार नाही."

"अहो, मी रोज फिरायला जातो. कळलं? डावा!"

कुबडाचं आणि मानेचं सगळं वजन पुढे येतं. मास्तर दोन पावलं गेले आणि तिसऱ्याला एखाद्या खुर्चीचा पाय निघावा तसे बसले. आम्ही दोघींनी त्यांना ओढून काढलं. घोटा मुरगळला होता. ते मात्र बसल्या बसल्या म्हणत होते, "पण हे तो एवढी वर्षं कसं उचलत होता? माणूस होता की क्रेन?"

गाडीवालीने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, पट्टे तुम्ही काढलेत?"

"हो."

"का?"

मी म्हटलं, "कंबर माझ्या नवऱ्याची होती म्हणून."

मास्तर घोटा विसरून छताकडे बघायला लागले.

ती चिडली असती तर बरं झालं असतं, मी भांडायची तयारी करूनच गेले होते. ती एका डब्यावर बसली. म्हणाली, "ते त्यांना धरायला नव्हते, वहिनी. उचलायला होते. मी सरळ उभी राहिले की पुढचं ओझं माझ्या खांद्यावर यायचं. त्यांनी फक्त पाय टाकायचे. शेवटी शेवटी तर तेही सीटवर टेकून."

"कशाला? धडधाकट माणूस!"

म्हटलं खरं. आणि मग ते पाकीट, ते सायकलचं सीट, एक मजला लिफ्टने, गाडीत बंद इंजिनाशी बसून राहणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय होतं, अचानक. मी सगळ्यांना तेच सांगत आले. सकाळी चहा पिऊन गेले, काही कळलंच नाही.

"तुम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"मला नाही सांगितलं हो. मला वजन कळलं. दर वर्षी थोडं थोडं मागे यायला लागलं. मग एकदा विचारलं तेव्हा गोळी जिभेखाली ठेवून म्हणाले, तिला सांगू नकोस. मी म्हटलं, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. म्हणाले, या संमेलनानंतर सांगतो. दरवेळी, या संमेलनानंतर."

मी चालत घरी आले. ती गाडी घेऊन मागे मागे येत होती, एकदम हळू, शिकाऊ चालकासारखी. मी बसले नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

दुकानात गेले नाही. वन्सं वर आल्या. मी विचारलं, "तुमचा दादा आजारी होता हे तुम्हाला माहीत होतं?"

"दादा? त्याला साधी सर्दी कधी झाली नाही."

बरं वाटलं. म्हणजे निदान वन्संना तरी नव्हतं.

किती नीच आहे मी. पण खरं ते लिहायचं ठरवलंय. दिवसभर एकच घोळतंय. माझ्या वाट्याला धडधाकट नवरा आला. दमलो बुवा म्हणून हसणारा, जेवणारा, कॉलर दुमडणारा. आजारी नवरा तिच्या वाट्याला गेला. आणि मला आजारी हवा होता. धडधाकट कोणीही सांभाळेल. ज्याला खरोखर उचलायला लागत होतं, तो माझ्याकडे आलाच नाही. त्याला ती मागून अंधारात उचलत होती आणि मी उजेडात दोरी धरून लोकांना सांगत होते की हो, हे माझे यजमान.

कंबर धरली असती तर एक वेळ मी माफ केलं असतं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

मास्तरांचा फोन. घोटा सुजलाय, संमेलनापर्यंत बरा होणार नाही. पुढे जायला क्लबात दुसरं कोणी नाही. जे उंच आहेत त्यांना आपापले पोशाख आहेत आणि जे रिकामे आहेत ते ठेंगणे आहेत. "फेरी रद्द करावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका. कळलं?"

मी गाडीवालीच्या शाळेत गेले. म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक टपरीवजा खोली, आत एक टेबल आणि वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. ती एका माणसाला क्लच समजावत होती. मला बघून उठली.

"धूड चालणार," मी म्हटलं. "पट्टे मी शिवते."

"पण पुढे कोण?"

"तुम्ही."

"मी? आणि मागे?"

"मागे मी."

ती खाली बसली. तो शिकाऊ माणूस आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं वय काय, तुमची कंबर काय! मागे सगळं वजन येतं. तुम्ही पुढे या. ती त्यांची जागा आहे, तुमचा हक्क आहे. मी उचलते, मला सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच. ती सवय मला हवी."

"हट्ट आहे हा."

"आहे."

ती बराच वेळ मेजावरची पेन्सिल फिरवत राहिली. यांच्या जागी उभं राहायला ती घाबरली होती, का तिला ते हवंच होतं, मला कळलं नाही. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. पण मागच्याने पुढच्याचं ऐकायचं. आणि दमलात तर सांगायचं. लपवायचं नाही."

हे शेवटचं ती मला सांगत होती का अजून कोणाला, देव जाणे.

शनिवार, ६ सप्टेंबर

पट्टे शिवले. सोफ्याच्या खाली लावतात ती जाड पट्टी, दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्याने. चौकोन आणि त्यात फुली, हत्ती टांगला तरी सुटणार नाही. तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझे टाके पाहून हसला असाल."

"हसले नाही," मी म्हटलं. हे खरं आहे. तेव्हा हसू कुठे येत होतं?

आठवडाभर सराव चाललाय. उघड्या सांगाड्यात, शेडमध्ये. पहिल्या दिवशी मी सरळ उभी राहिले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती ओरडली, "वहिनी, गुडघ्यातून! पाठीने नाही!" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एकाच वेळी डावा टाकायच्या ऐवजी मी उजवा टाकला आणि धूड स्वतःभोवती फिरलं. मास्तर खुर्चीवरून म्हणाले, "त्या ग्रहावर असंच चालत असतील, कोणी पाहिलंय?" ती हसली की तिची पाठ हलते. पट्ट्यातून ते माझ्या खांद्यापर्यंत येतं. यांचं हसणंही असंच तिच्यापर्यंत यायचं असणार.

आज विचारलं, "आत काय बोलायचात?"

"डावा, उजवा. थांबा. चला."

"बस?"

"बोलायला श्वास कुठे होता त्यांच्याकडे, वहिनी."

विश्वास ठेवू का? गाडी शिकवणारी माणसं खोटं बोलतातच. दिव्याच्या खांबाला धडकवली तरी "छान जमतंय" म्हणतात.

दोरी कोणी धरायची हा प्रश्न होता. वन्संना विचारलं. म्हणाल्या, "मी? त्या माकडचाळ्यांत? लोक काय म्हणतील?" मग जाताना दारातून, "साडी कुठली नेसू?"

रविवार, १४ सप्टेंबर

संमेलन काल झालं. काल हाताला पेन धरवत नव्हतं.

सभागृहाच्या मागच्या खोलीत कातडं चढवलं. आजूबाजूला एकाचा पंख निखळलेला, एक बाई आपल्या शेपटीवर बसून ती चिकटवत होती. मी वाकड्या सुईने चेन जिथे बसत नव्हती तिथे दोन टाके घातले, आत शिरले, वरून अंधार पडला. मखमलीचा उलटा भाग, डिंकाचा वास, आणि समोर तिची पाठ. तिची कॉलर सरळ होती.

बाहेर मास्तर कुबड्या टेकत माईकवर बोलले. यांचं नाव घेतलं, लिफ्ट, धूड, दोन सूर्य. टाळ्या झाल्या. वन्संनी दोरीला हिसका दिला, गरजेपेक्षा जोरात.

"डावा," गाडीवाली म्हणाली, आणि आम्ही निघालो.

मी सरळ उभी राहिले. ओझं खांद्यावर आलं, जिथे यायला हवं तिथेच. पट्टे ताणले गेले, ती हलकी झाली. डावा, उजवा. बाहेर वन्संचा आवाज येत होता. कोणीतरी विचारलं असणार, कारण त्या ठणकावून सांगत होत्या, "माझ्या वहिनीने शिवलंय! एकेक खवला! आणि रंग मी निवडलेत." रंग वन्संनी कधी निवडले ते मला आठवत नाही, पण आतून भांडता येत नाही.

अर्धं सभागृह झालं असेल. ती थांबली.

"काय झालं?"

"वहिनी, इथून काही दिसत नाही."

"म्हणजे?"

यांच्या जागी धुडाच्या छातीशी एक काळी फळी आहे, तिच्यावर कातडं येत नाही. उघड्या सांगाड्यात तिच्यावरून सगळं दिसायचं, म्हणून सरावात कोणाचं लक्ष गेलं नाही. कातडं चढलं की मात्र फळीला जे एक भोक आहे, त्यातूनच काय ते बघायचं.

"भोक समोर नाहीये," ती म्हणाली. "डाव्या बाजूला आहे, तिरकं. रस्ता दिसतच नाही. फक्त दोरीवाली दिसते. आता तुमच्या नणंदबाई दिसतायत. हात, दोरी आणि अर्धा चेहरा. बाकी काही नाही, भिंतसुद्धा नाही."

"बघा नीट. अजून एखादं असेल."

"नाही. एकच आहे, आणि कडा घासून गुळगुळीत केल्यात. मुद्दाम पाडलंय." मग म्हणाली, "मी त्यांना म्हणायची, पुढे तुमची नजर आहे म्हणून मी निर्धास्त चालते. मी लोकांना पहिल्या दिवशी शिकवते, रस्त्यावरून नजर काढायची नाही. या माणसाने एवढी वर्षं रस्ता पाहिलाच नाही, वहिनी."

आणि तिची पाठ हलायला लागली. हसण्याची नव्हे. पट्ट्यातून ते सगळं माझ्या खांद्यावर येत होतं. ती पुढे वाकली असावी, कारण धुडाची मान खाली झुकली आणि बाहेर लोक "आहा" म्हणाले. त्यांना वाटलं जनावर नमस्कार करतंय.

मला जे हवं होतं ते मला तिच्या तोंडून मिळालं होतं, आणि ते सांगताना तिचं जे गेलं ते माझ्या डोळ्यांसमोर गेलं. मी गुडघ्यातून, पाठीने नाही, पूर्ण सरळ उभी राहिले. ती उचलली गेली. मान वर आली.

"डावा," मी म्हटलं. "तुम्ही फक्त पाय टाका."

तशीच फेरी पूर्ण केली.

आज दुपारी तिने धूड गाडीवरून घरी आणून दिलं. दोघींनी मिळून वर चढवलं. पुन्हा पुढच्या खोलीत अर्धी जागा अडवून बसलंय. मी विचारलं, "न्यायचं नाही का तुम्हाला?"

"नको. माझं त्यात काही नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या दोन्ही खांद्यांवर वळ उठलेत, काळेनिळे. सकाळी वन्संनी बघून दहा वेळा "अगं बाई" म्हटलं आणि तेल चोळून दिलं. तिच्या खांद्यांवर असे दरवर्षी उठत असतील. घरी कोण होतं तिला, आणि काय म्हणून दाखवणार होती?

मी म्हटलं, "रविवारी येत जा. याला ऊन दाखवायला लागतं आणि मला एकटीला उचलवत नाही." हे कारण खरंच आहे. तिने मान हलवली. चहात मी साखर विचारून घातली. दोन चमचे घेते.

मास्तरही आले होते, घोट्याला पट्टी बांधून. फळी काढून उलटसुलट बघत होते. म्हणाले, "हे भोक चुकीच्या जागी पडलंय. पुढच्या वर्षी कोणी आत गेलं तर धडपडेल. द्या, मी मध्ये दुसरं पाडून देतो. कळलं?"

"नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

एकदम असं लिहिलं खरं. पण तिचं 'नको' आधी आलं होतं. थोडंसंच, पण आधी. मघापासून तेच मनात सलतंय.